नागपूरच्या परसातला वसंत

वसंत ऋतूचे वर्णन करावयास बसले म्हणजे आंब्याचा मोहोर, कोकिळेचा स्वर आणि दक्षिणेकडून येणारा मंद वारा या तीन गोष्टी कवींच्या लेखणीतून आपोआप उतरतात. भेंडीच्या फुलाकडे मात्र त्यांपैकी कोणाचे लक्ष गेल्याचे आमच्या आढळात नाही. वास्तविक फिकट पिवळ्या पाकळ्यांचे आणि तळाशी गर्द किरमिजी डोळा असलेले ते फूल काही कमी देखणे नसते. वनस्पतिशास्त्रज्ञ भेंडीस जास्वंदीच्या कुळात गणतात. परंतु एका बहिणीच्या वाट्यास देव्हारा आला व दुसरीच्या वाट्यास विळी, त्यास कोण काय करणार! असो. गेल्या वर्षी माघात व पुन्हा चैत्रात आम्हांस नागपुरास जाण्याचा योग आला, आणि तेथील एका परसात वसंताचे जे रूप दिसले ते आंब्याच्या मोहोराहून आम्हांस अधिक जवळचे वाटले. त्याचीच हकीकत वाचकांस सादर करीत आहोत.

नागपूर हे आमचे आजोळ. महालात आमच्या मामांचा जुना वाडा आहे. दोन मामा, दोन मामी, तीन मामेभाऊ, त्यांच्या सुविद्य पत्नी व मुलेबाळे मिळून चौदा माणसांची पंगत तेथे आजही एका स्वयंपाकघरातून उठते. माघ लागला आणि थोरल्या मामींचा दूरध्वनी आला. इकडचे तिकडचे कुशल विचारून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "अरे, विहीर बुजवायचं चाललं आहे. तू एकदा येऊन जा. त्या विहिरीचं पाणी तूही प्यायला आहेस." मामी आजवर आमच्यापाशी कधी काही मागत्या झाल्या नव्हत्या. आम्ही दुसऱ्याच दिवशी तिकीट काढले.

पुण्याहून सायंकाळी निघालेली आगगाडी सकाळी बडनेऱ्याच्या पुढे सरकते तेव्हा खिडकीबाहेरचा देश पालटलेला असतो. काळीभोर जमीन, वेचणी संपलेल्या पऱ्हाट्यांची उभी वाळकी शेते, मधूनच पिवळसर होत चाललेला गहू, आणि वर्धा मागे पडते न पडते तो बांधाबांधांवर पेटलेले पळस. सिंदी, बुटीबोरी, अजनी ही नावे बाळपणी आम्हांस स्तोत्रासारखी पाठ होती; अजनी आले की आई आमचे केस विंचरीत असे, हे आठवून अजूनही हात डोक्याकडे जातो. स्थानकावरून महालास जाताना कॉटन मार्केट ओलांडले की उजाडलेल्या बाजाराचा ओला वास येतो, आणि थोड्याच वेळात गांधीसागर तलावाचा काठ लागतो. डोक्यावरून आता मेट्रोगाडी धावू लागली आहे. पण तलावाचे पाणी आहे तेथेच आहे.

या तलावाजवळ क्षणभर थांबणे अवश्य आहे. कारण पुढे ज्या विहिरीची कथा सांगावयाची तिचे मूळ येथे आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास नाग नदीच्या काठच्या बारा वाड्या एकत्र करून हे नगर वसविले. त्याचा पुत्र चांद सुलतान याने नगरास तट घातला व ओढ्याच्या पाण्यास बांध घालून हा जुम्मा तलाव निर्माण केला. पुढे १७४३ पासून रघूजी भोसल्यांचा अंमल बसला. सरदार, कारकून, शास्त्री, सावकार येऊन राहिले. आणि वाड्यावाड्यांतून विहिरी खोदल्या गेल्या. १८७० साली अंबाझरीच्या तलावाचे पाणी शहरास मिळू लागले, त्यानंतर कन्हान आणि पेंच या नद्यांचे आले. नळ आला तशी विहीर मागे पडली. तथापि तलाव वर भरलेला असला की भोवतालच्या विहिरींचे झरे खालून जिवंत राहतात, हे त्या जुन्या लोकांस नीट ठाऊक होते.

वाड्यात शिरलो. ओसरी, माजघर, देवघर ओलांडून मागील दारी आलो, तो मुंगण्याचे झाड पांढऱ्या फुलांनी डवरलेले. मुंगणा म्हणजे आपला पुणेरी शेवगा. येथे पाहुण्यास प्रथम भाषा शिकावी लागते. कढीलिंब येथे गोडनिंब होतो, कोथिंबीर सांबार होते, अळूस धोपा म्हणतात, चवळीच्या शेंगांस बरबटी, टोमॅटोस भेदरे, लाल भोपळ्यास कोहळे. आमची पत्नी लग्नानंतर प्रथम या घरी आली तेव्हा धाकट्या मामींनी "आज आलूची भाजी करू" असे म्हटले, आणि अळूच्या फतफत्याची वाट पाहत बसलेल्या तिच्या पानात बटाट्याची भाजी पडली. ती थट्टा या घरात तीस वर्षे चालू आहे आणि आणखी तीस वर्षे चालेल असा रंग दिसतो.

परस चाळीस हात लांब व पंचवीस हात रुंद. एका कोपऱ्यात विहीर, तीस हात खोल, दगडी बांधणीची. न्हाणीघराचे पाणी मोरीतून निघून आधी धोप्याच्या अळ्यात, तेथून केळीच्या बुडाशी आणि मग एका लहान पाटाने वाफ्यांकडे जाते. ही रचना आमच्या पणजोबांच्या वेळची. धोपा व केळ ही दोन्ही झाडे पाण्याची हावरी. साबणाचा व चुन्यासारखा क्षाराचा अंश ती पहिल्यानेच पचवितात आणि पुढच्या नाजूक भाज्यांस बऱ्यापैकी निवळलेले पाणी मिळते. हल्ली सांडपाण्याच्या पुनर्वापराविषयी मोठमोठी व्याख्याने होतात. चौदा माणसांच्या आंघोळीचे पाणी एका धोप्याच्या रांगेने कसे मार्गी लावले आहे, हे व्याख्यात्यांनी येऊन पाहावे.

रात्री जेवणे आटोपल्यावर ओसरीवर मुख्य विषय निघाला. मधल्या मामेभावाने आपली बाजू मांडली. तो अभियंता असून स्वभावाने अत्यंत सरळ आहे, त्यामुळे त्याचे म्हणणे आम्ही येथे जसेच्या तसे देतो. घरात आता दोन मोटारी व चार दुचाक्या झाल्या. गल्लीत गाडी उभी केली की रोज कोणाशी तरी बोलाचाली होते. विहीर उघडी, मुले लहान. पाणी साचून डासांची उत्पत्ती होते. शिवाय गेली पाच-सहा वर्षे चैत्रात विहीर जवळजवळ कोरडी पडते. मग जी विहीर पाण्याच्या दिवसांत नको असते व नको त्या दिवसांत आटते, ती ठेवून उपयोग कोणता? बुजवावी, फरसबंदी करावी, गाड्या आत घ्याव्या. आणि भाजी काय, कॉटन मार्केटात हवी तेवढी मिळते.

या म्हणण्यात खोट काढण्यासारखे आम्हांस काही दिसले नाही. थोरले मामा सुपारी कातरीत बसले होते. ते कातरीतच राहिले. तेव्हा मामी दारातून बोलल्या, "रामनवमीपर्यंत थांबा. यंदा बागेला नळाचं एक भांडंही घालणार नाही. विहीर आणि न्हाणीचं पाणी, यावर बाग जगली तर विहीर राहील. नाही जगली तर मातीची पहिली टोपली मीच टाकीन." मामींचे वय त्या वेळी बाहत्तर होते. कोणी हसले नाही. मामेभाऊ म्हणाला, "आई, ठीक आहे. पण मोजमाप मी ठेवीन." दुसऱ्या दिवशी विहिरीच्या काठावर गाठी मारलेली दोरी व एक वही आली.

येथे नागपूरच्या वसंताविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. कोकणात वा देशावर वसंत पाहुण्यासारखा येतो व सावकाश जातो. नागपुरात तो तार देऊन येणाऱ्या माणसासारखा घाईत असतो. माघात पहाटे शाल लागते. मार्च संपता संपता पारा छत्तिसांच्या पुढे जातो, एप्रिलात चाळीस ओलांडतो, आणि मे महिन्यात काय होते ते सर्वश्रुत आहे. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश उष्मा नोंदविला गेला. थंडीत काकडी, दोडके, कारले, ढेमसे यांचे बी रुजत नाही, सडून जाते. आणि उन्हाळा भरात आल्यावर वेलीस फळ धरत नाही. या दोहोंच्या मधली फट जेमतेम सात-आठ आठवड्यांची. रथसप्तमीस बी मातीत पडले पाहिजे, हा या घरचा दंडक आहे, आणि त्यामागे सूर्याची उपासना आहे तितकाच सूर्याचा धाकही आहे.

हा दंडक मोडल्याचे फळ आम्ही स्वतः भोगलेले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या पुण्याच्या घरी गच्चीवर काकडी लावण्याचा उत्साह आम्हांस पाडव्यानंतर आला. वेल झपाट्याने वाढला, फुलांनी भरला, आणि काकडी एकही लागली नाही. मामींस विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळी नरफुलं आली असतील." तसेच होते. या वर्गातील वेलींना नरफुले व मादीफुले निरनिराळी येतात. मादीफुलाच्या देठाशी इवलेसे फळ आधीपासून दिसते, नरफुलाचा देठ नुसता सडसडीत असतो. दिवस मोठे झाले आणि ऊन तापले की वेल नरफुलेच अधिक धरतो. म्हणजे आमच्या वेलीचा दोष नव्हता. पंचांग न पाहणाऱ्या मालकाचा होता.

बी आणण्यासाठी थोरल्या सूनबाईंबरोबर आम्ही सीताबर्डीस गेलो, आणि येताना वाट वाकडी करून महाराजबागेत शिरलो. भोसल्यांच्या वेळची ही बाग. १८९४ पासून येथे प्राणिसंग्रहालय आहे. लगतच १९०६ साली स्थापन झालेले कृषी महाविद्यालय असून १९६९ पासून ते अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे आहे. सूनबाई म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा मला सगळी झाडं सारखीच वाटायची. सासूबाईंनी एक वर्ष काहीच शिकवलं नाही. फक्त म्हणाल्या, रोज सकाळी परसात चक्कर मार आणि काल नव्हतं ते काय दिसतं ते मला येऊन सांग." शिकविण्याची ही रीत आम्हांस फार आवडली.

परतताना हातातील पुड्यांकडे पाहून मनात आले की, या आठ-दहा पुड्यांत पृथ्वीची केवढी प्रदक्षिणा सामावली आहे! काकडी, वांगे व दोडके ही आपल्याच भूमीची. भेंडी व दुधी आफ्रिकेकडील. मिरची व भेदरे अमेरिकेतील. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती इकडे आली. फुलकोबीचे बी १८२२ साली इंग्लंडातून सहारणपूरच्या बागेत येऊन रुजले. ज्या मिरचीवाचून वऱ्हाडी रस्सा होत नाही आणि जिच्यामुळे नागपूर जिल्ह्यातील भिवापूर प्रसिद्ध आहे, ती आपल्या पूर्वजांस पाचशे वर्षांपूर्वी ठाऊकही नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या हाइड पार्कात लोकांनी भाज्यांचे वाफे केले, आणि आपल्याकडे १९४२ नंतर 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम निघाली. त्या दिवसांत याही परसात पणजीने गुलाबाचे ताटवे काढून वांगी लावली होती, असे मामा सांगतात. तो गुलाब पुन्हा काही लागला नाही.

रथसप्तमीच्या सकाळी दूध उतू घालून झाल्यावर घरातील सारी मंडळी परसात जमली. जमीन आठ दिवस आधी खणून तापत ठेवली होती. नागपूरची काळी माती पाणी धरून ठेवते खरी, परंतु ओली असता चिकट आणि वाळली असता भेगाळ. म्हणून तीत कुजलेले शेणखत, थोडी वाळू व चुलीची राख मिसळली होती. चूल गेली तरी राख येते कोठून, असे आम्ही विचारले. होळीची व बंबाची राख वर्षभर डब्यात भरून ठेवतात, असे उत्तर मिळाले. भेंडी व कारल्याचे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजविले होते. वेलींसाठी हातभर रुंद आळी केली, प्रत्येक आळ्यात चार बिया, पुढे त्यांतील दोन जोमदार रोपे ठेवावयाची. सांबारासाठी धने पाटावर चपलेने हलकेच रगडून त्यांच्या दोन फाका केल्या. कारण धन्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात. मुलांस प्रत्येकी एकेक आळे वाटून दिले. आम्हांसही एक मिळाले, ढेमसाचे.

आठवडाभर राहून आम्ही पुण्यास परतलो. पण मन मागे राहिले. सूनबाई दर दोन दिवसांनी बातमी देत. सहाव्या दिवशी भेंडी उगवली. नवव्या दिवशी ढेमसे. पंधराव्या दिवशी लाल भुंग्याची धाड आली. हा किडा वेलींची पहिली कोवळी पाने चाळणीसारखी करतो आणि रोप तेथेच खुंटते. त्यावर मामींचा उपाय असा की, भल्या पहाटे, अंगात थंडी असल्यामुळे भुंगे सुस्त असतात तेव्हा, मुलांनी ते वेचून साबणाच्या पाण्यात टाकावे, आणि दवाने ओल्या पानांवर चाळलेली राख भुरभुरावी. धाकट्या नातवाने एका सकाळी एक्केचाळीस भुंगे वेचले. अंकगणितात तो इतका तत्पर कधीच दिसला नव्हता. माव्यासाठी निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवीत व गाळून फवारीत; लिटरभर पाण्यास पन्नास ग्रॅम, असे प्रमाण.

फाल्गुनात कडुनिंबाची पाने गळू लागली. ती झाडून जाळण्याची बहुतेक घरांची चाल आहे. मामींनी ती सारी गोळा करून आळ्यांत चार बोटे जाड पसरली. नेमके ऊन वाढू लागावे आणि नेमके त्याच पंधरवड्यात झाडाने पानांची गादी खाली टाकावी, हा योग सहेतुक वाटावा इतका सोयीचा आहे. त्या आच्छादनाखाली ओल टिकते, आणि रोजचे पाणी एक दिवसाआड दिले तरी चालते. दुसरीकडे वहीतील आकडे मात्र खाली उतरत होते. रथसप्तमीस विहिरीत सात हात पाणी होते. होळीस चार हात. रंगपंचमीस तीन.

पाडव्यानंतर दोन दिवसांनी आम्ही पुन्हा नागपुरास पोचलो. परसाच्या दारातच पाऊल थबकले. भेंडी कमरेइतकी उंच, शेंड्याशी पिवळी फुले आणि खाली कोवळ्या बोटांसारखी फळे. काकडीच्या मांडवाखाली हिरवी सावली. मुंगण्याच्या शेंगा हातभर लांब लोंबत होत्या. आमच्या आळ्यातील ढेमसाने जमिनीवर बैठक मारली होती आणि पानांखाली लिंबाएवढी गोल, लवदार फळे धरली होती. भेदऱ्यांचा हंगाम मात्र सरत आला होता. दिवस तापले आणि रात्रीही ऊन उतरेनासे झाले की त्याचे फूल फळ न धरताच गळते. सांबारास तुरे आले होते. त्यांच्या जागी भुईला चिकटून चिवळ पसरली होती. बारीक पानांची, आंबटसर चवीची ही भाजी उन्हाळ्यातच सुखावते. मुगाची डाळ घालून ती केली आणि ज्वारीची भाकरी असली की जेवणारा दुसरे काही मागत नाही.

पण दुधीचा मांडव रिकामा होता. वेल बुडाशी कापलेला दिसला. आम्ही मामींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "पाणी पुरेना. दुधी सगळ्यांत जास्त पितो. एकाला सोडलं नसतं तर सगळीच गेली असती." कापताना त्यावर तीन फळे होती, असे सूनबाईंनी मागाहून सांगितले. त्या दिवशी मामी जेवल्या नव्हत्या.

सायंकाळी ऊन उतरल्यावर पाचच्या सुमारास दोडक्याची फुले उमलू लागली. काकडी, कारले, कोहळे ही सकाळी उमलणारी; दोडके व दुधी संध्याकाळची. पूर्वी परसात मधमाश्या व पाकोळ्या पुष्कळ असत, आता त्या क्वचितच दिसतात. म्हणून मामी नरफूल खुडून, पाकळ्या मागे सारून, त्यातील पराग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवीत. थोरली नात दिवा धरून उभी. फूल दुपारपर्यंत कळीत व सकाळी कोमेजलेले. मधले काही तास तेवढे हातात. आम्हीही दोन-चार फुलांवर हात चालवून पाहिला. तीन दिवसांनी त्यांतील दोन दोडकी फुगू लागली, तेव्हा झालेला आनंद वयास शोभणारा नव्हता, हे कबूल करतो.

रामनवमीस पाच दिवस राहिले आणि विहीर तळाला गेली. सकाळी दोन बादल्या, सायंकाळी दोन बादल्या. मग नुसता चिखल. मामींनी काही म्हटले नाही. न्हाणीच्या पाण्याचा एक थेंब वाया जाऊ नये म्हणून घरातील सर्वांनी पाटावर बसून तांब्याने आंघोळ करण्याचे ठरविले. धान्य धुतलेले पाणी, भाजी धुतलेले पाणी, सारे आळ्यांकडे वळले. मामेभाऊ मात्र वही घेऊन बसला होता. तो एकदम म्हणाला, "एक गोष्ट नवल आहे. रात्री चिखल असतो, आणि पहाटे रोज नेमकं तेवढंच पाणी चढलेलं असतं. ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त. म्हणजे झरा मेलेला नाही. काहीतरी अडलं आहे." दुसऱ्या दिवशी विहिरीचे काम जाणणारी दोन माणसे बोलावून, ती आधी जळता कंदील खाली सोडून हवा शुद्ध असल्याची खात्री करून, तळाशी उतरली.

काय निघाले? पाच-सहा टोपल्या निर्माल्य, काही विटा, आणि त्याखाली पांढरट, दगडासारखा घट्ट बसलेला थर. तो पाहून मामांच्या हातातील अडकित्ता खाली राहिला. या घरातील गणपतीचे विसर्जन परंपरेने विहिरीतच होते. पूर्वी मूर्ती शाडूची असे. ती दोन दिवसांत विरघळून जाई. मुलांच्या हौसेखातर पंधरा-वीस वर्षांपूर्वी मोठी, चकचकीत मूर्ती आणू लागलो. ती प्लास्टर ऑफ पॅरिसची. तिचे प्लास्टर पाण्यात सहजी विरत नाही. वर्षानुवर्षे तुकडे व चुरा तळाशी बसून पूर्वेकडील झऱ्याचे तोंड बंद झाले होते. विहीर आटत नव्हती. आपणच तिचा गळा दाबून बसलो होतो, आणि वर तिलाच निरुपयोगी ठरवीत होतो. कोणी कोणास बोल लावला नाही, कारण त्या मूर्तीपुढे आरती सर्वांनीच म्हटली होती.

तीन दिवस गाळ निघत होता. रामनवमीच्या पहाटे दोरी सोडली तो दीड हात पाणी. फार नव्हे; परंतु चैत्रातील दीड हात. दुपारी शहरात रामाच्या शोभायात्रेची गर्दी लोटली असता मामी परसात बसून भेंडी खुडीत होत्या. पुढे शुक्रवारी चैत्रगौरीचे हळदीकुंकू झाले; गौरीपुढे घरची काकडी कोरून मांडली होती, आणि आलेल्या सवाशिणींस वाटली डाळ व पन्ह्याबरोबर एकेक ढेमसे देण्यात आले. एक तरुण शेजारीण ते हातात घेऊन, हे कच्चे खातात की काय, असे विचारती झाली. तिला मामींनी ओट्याशी नेऊन कृतीच दाखविली.

विहीर राहिली. मात्र वाचकांची अशी समजूत होऊ नये की सारे पूर्ववत झाले. मामेभावाची अडचण खरीच होती. म्हणून परसाची पश्चिमेकडील तिसरी पट्टी गाड्यांसाठी फरसबंद करण्यात आली. त्या जागची वांगी व एक जुनी जाई गेली. विहिरीवर लोखंडी जाळी बसविली, डासांसाठी आत गप्पी मासे सोडले, आणि गच्चीवरील पावसाचे पाणी वाळू-कोळशाच्या टाकीतून गाळून विहिरीत सोडण्याची नळी मामेभावाने स्वतः आखून दिली. गणपती पुन्हा शाडूचा, वीतभर उंचीचा, आणि विसर्जन अंगणातील घंगाळात. मुले थोडी हिरमुसली. पण विरघळलेली माती वाफ्यात घालावयाची असे ठरले, तेव्हा आपापल्या आळ्याचा वाटा कोणास किती यावर भांडू लागली.

ज्यांच्या घरी परस नाही, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. गच्चीवर चार पाट्या व सकाळचे चार तास ऊन एवढ्यावर भेंडी, चवळी, चिवळ व सांबार उत्तम येतात. बी मात्र रथसप्तमीच्या सुमारास पेरावे, पाडव्यास नव्हे. पाणी सायंकाळी द्यावे. झडलेली पाने जाळू नयेत. आणि ज्यांच्या दारी अजून जुनी विहीर आहे, त्यांनी ती बुजविण्यापूर्वी एकदा तिचा गाळ काढून पाहावा. खर्च दोन्हींस येतोच.

निघते वेळी मामींनी एका जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून आमच्या आळ्यातील अकरा ढेमसे दिले. त्यांतील एक त्यांनी वेलावरच पिकू दिले होते. "हे भाजीला नाही," त्या म्हणाल्या, "हे बियांसाठी. यंदा पाडव्याची वाट बघत बसू नकोस." अजनी मागे पडले. मांडीवरील गाठोड्यास परसातल्या ओल्या मातीचा वास येत होता, आणि शेजारच्या बाकावरील गृहस्थ, त्यात काय आहे, हे विचारण्याच्या बेतात होते.